धातूवरच्या ऑक्साइडच्या पातळ थरात अणू कसे बसलेत, हे शोधायचं कसं?

ॲल्युमिनियमचा पत्रा कापला की कड चकचकीत दिसते आणि आपल्याला वाटतं, आपण धातू बघतोय. पण तो धातू उघडा राहतो जेमतेम काही नॅनोसेकंद. साधा हिशोब आहे. दाब १० चा −६ वा घात टॉर (टॉर हे दाबाचं एकक) असेल आणि येऊन आदळणारा प्रत्येक रेणू चिकटत असेल, तर पृष्ठभागावर अणूंचा एक थर बसायला साधारण एक सेकंद लागतो. हवेचा दाब याच्या ७६ कोटी पट. म्हणजे ती कड तुमच्या डोळ्यांसमोर येण्याआधीच ऑक्साइडने झाकलेली असते. नंतर हा थर २ ते ४ नॅनोमीटरपर्यंत वाढतो आणि जवळजवळ थांबतो.

तो का थांबतो, याचं उत्तर काब्रेरा आणि मॉट यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस दिलं. धातूतले इलेक्ट्रॉन थराच्या आरपार जाऊन वरच्या ऑक्सिजनवर बसतात. त्यामुळे थरात विद्युतक्षेत्र तयार होतं आणि ते धातूचे आयन बाहेर ओढून घेतं. थर जाड होत गेला की तेच व्होल्टेज जास्त अंतरावर विभागलं जातं, क्षेत्र क्षीण होतं आणि आयनांची हालचाल मंदावते. ॲल्युमिनियमचं भांडं, स्टेनलेस स्टीलचा पेला, कारखान्यातला उत्प्रेरक, या सगळ्यांचं वागणं या काही अणूंच्या जाडीवर ठरतं.

हा लेख एमएस्सीला प्रकल्प घेतलेल्या किंवा पीएचडीला नुकत्याच लागलेल्यांसाठी आहे. मग तुम्ही मुंबईत कलिन्याला असा, पवईला, कुलाब्याला किंवा ट्रॉम्बेला. पायऱ्या बऱ्याच आहेत, पण त्या सगळ्यांमागे माझा आग्रह एकच: आधी अणू मोजा, मग त्यांची आकृती काढा. या विषयात जे मोठे घोळ झाले, त्यांतले बरेचसे आकृती आधी आवडल्यामुळे झाले.

तुमचा थर कुठल्या जातीचा आहे?

हवेत आपोआप बसलेला थर बहुतेक वेळा अस्फटिक असतो. त्याला ठरावीक साचा नसतो, त्यामुळे ‘याचा एकक कोष, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा सर्वांत लहान साचा, काय’ हा प्रश्नच चुकीचा ठरतो. तिथे विचारायचं ते एवढंच: जाडी किती, धातू आणि ऑक्सिजनचं प्रमाण किती, एका धातूअणूला सरासरी शेजारी किती. अस्फटिक ॲल्युमिनात बहुतेक ॲल्युमिनियम अणूंना ४ किंवा ५ ऑक्सिजन शेजारी असतात. कोरंडममध्ये, म्हणजे माणिक-नीलमच्या मूळ स्फटिकात, ते ६ असतात. एवढ्या फरकावरूनही बरंच काही कळतं.

दुसरी जात म्हणजे एकस्फटिक धातूवर निर्वातात मुद्दाम वाढवलेला थर. इथे प्रत्येक अणूची जागा विचारता येते. या लेखाचा मोठा भाग त्याच्याबद्दलच आहे.

या दोहोंच्या मधलं एक उदाहरण मला फार आवडतं. रुथेनियमवर सिलिकाचा दोन पदरी थर वाढवता येतो आणि तो स्फटिकही होतो, काचेसारखा अस्ताव्यस्तही होतो. काचेत अणूंची जाळी कशी असेल, याचं कागदावरचं चित्र झाखारियासेन यांनी १९३२ साली मांडलं होतं. बर्लिनमधल्या संशोधकांनी २०१२च्या सुमारास या थराची अणुपातळीवरची चित्रं प्रसिद्ध केली, तेव्हा ८० वर्षांपूर्वीचं ते चित्र जवळजवळ तसंच्या तसं समोर उभं राहिलं. पातळ थराची ताकद हीच: एरवी घनात दडलेली रचना तो पृष्ठभागावर उघडी करून ठेवतो.

धातू निवडताना

ॲल्युमिनाचा सुव्यवस्थित थर हवा असेल तर पहिला मोह शुद्ध ॲल्युमिनियमचा होतो. तो टाळा. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, आणि ऑक्साइडचे अणू आपापल्या जागी नीट बसण्यासाठी त्याहून जास्त तापमान लागतं. म्हणून निकेल-ॲल्युमिनियम हा मिश्रधातू घेतात. त्यात दोन्ही अणू सम प्रमाणात असतात आणि तो १६०० अंशांच्या पुढे वितळतो. त्याच्या (११०) पृष्ठभागावर (हे अंक स्फटिक कुठल्या प्रतलावर कापला ते सांगतात) ऑक्सिजन सोडला की ॲल्युमिनियम वर येऊन ऑक्साइड बनवतं, निकेल खालीच राहतं, आणि थर सुमारे ५ अँगस्ट्रॉमवर, म्हणजे अर्ध्या नॅनोमीटरवर, आपोआप थांबतो. नवशिक्याला याहून चांगली सुरुवात नाही. जाडी तुमच्या हाताच्या कौशल्यावर अवलंबून राहत नाही, पृष्ठभागच ती ठरवतो.

चांदीच्या (००१) पृष्ठभागावर मॅग्नेशियम ऑक्साइड हा दुसरा पर्याय. दोन्ही जाळ्यांत साधारण ३ टक्क्यांचाच फरक आहे, त्यामुळे थर सरळ बसतो. पण ऑक्सिजनच्या वातावरणात मॅग्नेशियमची वाफ किती वेगाने येते, ते तुम्हाला सांभाळावं लागतं. तिसरा पर्याय प्लॅटिनमच्या (१११) पृष्ठभागावरचा एक पदरी आयर्न ऑक्साइड. त्याच्याकडे पुढे येतोच.

चेंबर आणि मुंबईची हवा

१० चा −१० वा घात मिलिबार हे लक्ष्य. एवढ्या निर्वातात स्वच्छ पृष्ठभाग काही तास टिकतो आणि तेवढ्यात काम उरकतं.

इथे मुंबईकराला पुस्तकात न सापडणाऱ्या दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. पहिली, जुलैत आपल्या हवेचा दवबिंदू २४-२५ अंशांच्या आसपास असतो. पंप थंड ठेवणाऱ्या चिलरचं पाणी १८ अंशांवर लावून ठेवलं आणि रात्री एसी बंद झाला, की नळ्यांवर पाणी जमतं आणि थेंब थेट हाय-व्होल्टेजच्या कनेक्टरवर पडतात. पावसाळ्यात चिलरचं तापमान खोलीच्या दवबिंदूच्या वर ठेवा. पंपाला ते चालत नसेल तर नळ्यांना इन्सुलेशन गुंडाळा. दुसरी, चेंबर उघडायचा असेल तर साध्या हवेने कधीच भरू नका. कोरडा नायट्रोजन सोडा, उघडा असेपर्यंत त्याचा हलका प्रवाह चालू ठेवा आणि जे बदलायचं ते आधी टेबलावर मांडून ठेवा. पावसाळ्यातल्या हवेत तासभर उघडा राहिलेला चेंबर भिंतींवर इतकं पाणी घेऊन बसतो की बेकिंग लांबतच जातं.

बेकिंग, म्हणजे भिंतींवरचं पाणी घालवायला अख्खा चेंबर तापवणं, १२० ते १५० अंशांना, निदान एक पूर्ण दिवस. थंड झाल्यावर वायू-विश्लेषकावर १८ वस्तुमानाची उंची बघा, तो पाण्याचा अंक. २८ वर नायट्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड दोघंही दिसतात. सोबत १४ उठून दिसत असेल तर नायट्रोजन, १२ असेल तर कार्बन मोनॉक्साइड. २८ आणि १४ च्या जोडीला ३२ ही वर असेल तर गळती आहे, हीलियम घेऊन शोधायला लागा.

पृष्ठभाग साफ करणं

आर्गॉन आयनांचा मारा, साधारण १ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा, आणि मग तापवणं. हे चक्र पुन्हा पुन्हा करायचं. माऱ्यात ॲल्युमिनियम निकेलपेक्षा जास्त उडतं, म्हणून प्रत्येक माऱ्यानंतर १००० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून खोलातलं ॲल्युमिनियम वर येऊ द्यावं लागतं. एक्सपीएसच्या वर्णपटात (हे तंत्र पुढे येतं) कार्बन, ऑक्सिजन आणि गंधक यांची शिखरं दिसेनाशी होईपर्यंत पुढे जाऊ नका.

थर वाढवणं

नमुना ५५० केल्व्हिनला धरा आणि सुमारे १२०० लँगम्यूर ऑक्सिजन द्या. १ लँगम्यूर म्हणजे १० चा −६ वा घात टॉर इतका दाब एक सेकंद. तुमचं गेज मिलिबारमध्ये वाचत असेल तर १.३३ ने गुणायला विसरू नका: १० चा −६ वा घात मिलिबारला १२०० लँगम्यूर द्यायला जवळपास २७ मिनिटं लागतात. मग ऑक्सिजन बंद करा, दाब खाली येऊ द्या आणि नमुना ११०० केल्व्हिनच्या थोडं वर काही मिनिटं तापवा. आधी अस्ताव्यस्त बसलेले अणू या तापवण्यात ओळीत येतात.

सगळ्यात जास्त फसवतं ते तापमान. थर्मोकपल नमुन्याला न जोडता धारकाला जोडलेलं असेल, तर दाखवलेलं आणि खरं तापमान यांत मोठी तफावत पडू शकते. शक्य असेल तर स्फटिकाच्या कडेलाच स्पॉट-वेल्ड करा. पायरोमीटर वापरणार असाल तर उत्सर्जकता कुठली धरली ते वहीत लिहा, कारण पुढच्या विद्यार्थ्याला तुमचा आकडा त्याशिवाय वापरता येणार नाही.

मोजणी: एक्सपीएस

आता मुख्य काम. एक्सपीएसमध्ये क्ष-किरण टाकून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजतात. धातूतल्या ॲल्युमिनियमचं २पी शिखर ७२.८ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास येतं, ऑक्साइडमधलं त्याच्या दोन-तीन इलेक्ट्रॉनव्होल्ट वर. दोन शिखरांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर म्हणजे तुमची मोजपट्टी.

ज्यांच्याकडे स्वतःचा चेंबर नाही, त्यांनी इथूनच सुरुवात करावी. ॲल्युमिनियमचा साधा पत्रा चालेल. आयआयटी मुंबईसारख्या संस्थांतल्या केंद्रीय सुविधांमध्ये बाहेरच्यांनाही नमुना देऊन मोजमाप करून घेता येतं. पत्रा ॲसिटोन आणि मग आयसोप्रोपेनॉलने धुवा, बोट लावू नका. घामातलं सोडियम आणि क्लोरीन लगेच वर्णपटात उमटतं. झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत ठेवू नका, प्लॅस्टिकवरची रसायनं नमुन्यावर चढतात. स्वच्छ काचेची कुपी आणि बाहेरच्या डब्यात सिलिका जेल, एवढं पुरे.

नमुन्यासमोर सरळ उभं राहून घेतलेल्या वर्णपटासाठी ॲल्युमिनियमचं प्रचलित सूत्र असं आहे:

जाडी (नॅनोमीटर) = २.८ × नैसर्गिक लॉग [१ + १.४ × (ऑक्साइडचं क्षेत्रफळ ÷ धातूचं क्षेत्रफळ)]

समजा ऑक्साइडचं शिखर धातूच्या दीडपट आलं. १.४ गुणिले १.५ म्हणजे २.१, अधिक १ म्हणजे ३.१. त्याचा नैसर्गिक लॉग १.१३, आणि गुणिले २.८ केलं की सुमारे ३.२ नॅनोमीटर. एका पत्र्याचे दोन तुकडे करून एक कोरड्या डब्यात आणि एक खिडकीपाशी ठेवा, काही आठवड्यांनी दोन्ही मोजा. प्रकल्पासाठी हा चांगला विषय आहे आणि त्याला महागडा स्फटिक लागत नाही.

अर्ध्या नॅनोमीटरच्या थराला मात्र जास्त काळजी लागते. निकेलचं ३पी शिखर घ्या. लंबाच्या दिशेने पाहिलं तर थरामुळे ते साधारण १६ टक्के कमी होतं, लंबापासून ६० अंश तिरकं पाहिलं तर ३० टक्के. म्हणून दोन्ही कोनांत मोजा. दोन्हीतून एकच जाडी निघाली तर थर सलग आहे. तिरक्या कोनात जाडी कमी भरली तर थर बेटांच्या रूपात असण्याची शंका घ्या. आणखी एक: निकेल ३पी ची शेपटी ॲल्युमिनियम २पी च्या खाली सरकते, म्हणून पार्श्वभूमी वजा करताना दोन्ही शिखरं एकत्र बसवा. आणि ऊर्जेची पट्टी कार्बनच्या २८४.८ वर लावण्याची सवय इथे सोडा. स्वच्छ थरावर कार्बन असायलाच नको. खालच्या धातूची फर्मी कड, म्हणजे इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या पातळ्यांची वरची सीमा, घ्या.

सममिती: लीड

कमी ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचं विवर्तन म्हणजे लीड. १९२७ साली डेव्हिसन आणि जर्मर यांनी निकेलवर जे पाहिलं, तेच आज हिरवट पडद्यावर दिसतं. ७५ इलेक्ट्रॉनव्होल्टला इलेक्ट्रॉनची तरंगलांबी १.४ अँगस्ट्रॉम असते, म्हणजे अणूंमधल्या अंतराच्या मापाची.

खोली अंधारी करा आणि थर वाढवण्याआधी उघड्या निकेल-ॲल्युमिनियमचा आयत मनात पक्का बसवून घ्या. थर वाढवल्यावर तोच पडदा ठिपक्यांनी गच्च भरतो आणि पहिल्यांदा पाहणारा गोंधळून जातो. गोंधळाचं कारण सोपं आहे. थराचा कोष मोठा आहे, १०.५५ गुणिले १७.८८ अँगस्ट्रॉम, कोन ८८.७ अंश. शिवाय तो पृष्ठभागाच्या मुख्य दिशेला एकदा २४ अंश डावीकडे आणि एकदा २४ अंश उजवीकडे वळून बसतो. म्हणजे पडद्यावर दोन नक्षी एकमेकींत मिसळलेल्या असतात. पारदर्शक कागदावर एका कोषाची नक्षी काढा, तो कागद दोन्हीकडे फिरवून फोटोवर ठेवा. सगळे ठिपके झाकले गेले तर कोष बरोबर. एक-दोन ठिपके उरले तर ते सोडून देऊ नका, तिथेच काहीतरी वेगळं आहे.

ऊर्जा हळूहळू वाढवून बघा. खरे विवर्तनाचे ठिपके मध्याकडे सरकतात, जो सरकत नाही तो उपकरणाचा दोष. झोत मंद ठेवा आणि एका जागी फार वेळ रोखू नका, इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने ऑक्सिजन सुटून जातो.

लीडमधून कोषाचा आकार मिळतो. कोषाच्या आत अणू कुठे आहेत, हे ठिपक्यांच्या जागांवरून मुळीच कळत नाही.

एसटीएमचं चित्र वाचताना

एसटीएम म्हणजे पृष्ठभागाच्या अगदी जवळ धातूचं अणकुचीदार टोक नेऊन, व्होल्टेज देऊन वाहणारा सूक्ष्म प्रवाह मोजणारं यंत्र. बिनिग आणि रोहरर यांच्या या यंत्राला १९८६चं नोबेल मिळालं आणि तेव्हापासून लोक म्हणतात की अणू दिसतात. दिसतात ते त्या व्होल्टेजला उपलब्ध असलेले इलेक्ट्रॉन. ऑक्साइडवर हा फरक निर्णायक ठरतो. एका व्होल्टेजला चकाकणारा ठिपका ऑक्सिजन असेल, दुसऱ्याला धातूचा अणू, तिसऱ्याला थराखालचा धातूच. म्हणून एकाच जागेची किमान तीन-चार व्होल्टेजना चित्रं घ्या, आणि दोन्ही चिन्हांना. थर जाड झाला की प्रवाहच वाहत नाही आणि टोक पृष्ठभागात घुसतं. तिथून पुढे बल मोजणारं एएफएम लागतं.

प्लॅटिनमवरचा आयर्न ऑक्साइड इथे उत्तम शिक्षक आहे. प्लॅटिनमच्या अणूंमधलं अंतर २.७७ अँगस्ट्रॉम, थरातलं सुमारे ३.१. खिडकीच्या मच्छरजाळीचे दोन तुकडे एकावर एक धरले की मोठे पट्टे उमटतात, तशी इथेही मोठी नक्षी उमटते: ऑक्साइडचे ८ कोष आणि प्लॅटिनमचे ९, दोन्ही सुमारे २५ अँगस्ट्रॉमवर पुन्हा जुळतात. याचा मोठा व्यावहारिक फायदा आहे. थराचं अंतर जरासं बदललं तरी मोठ्या नक्षीचं माप त्याच्या कितीतरी पट बदलतं. म्हणून सूक्ष्म ताण मोजायचा असेल तर अणू मोजत बसू नका, नक्षी मोजा. घन आयर्न ऑक्साइडमध्ये हेच अंतर ३.०४ च्या आसपास असतं. एक पदरी थर म्हणजे घनाचा कापलेला काप नव्हे, हे या एका आकड्यातून दिसतं.

प्रारूप बांधणं आणि तपासणं

चांदीच्या (१११) पृष्ठभागावर ऑक्सिजन दिला की चार-बाय-चारचा कोष मिळतो, म्हणजे दोन्ही बाजूंनी चांदीच्या कोषाच्या चौपट. १९७४ साली त्यासाठी एक प्रारूप मांडलं गेलं: सिल्व्हर ऑक्साइडचा पातळ काप चांदीवर बसलाय. कोष जुळत होता. २००० साली एसटीएमची चित्रं आली, तीही त्या प्रारूपाच्या चौकटीत बसवता आली. २००६ साली दोन गटांनी ते खोडून काढलं. खरी रचना चांदीच्या सहा-सहा अणूंच्या त्रिकोणांची निघाली, मधल्या चरांत ऑक्सिजन, कोषात ६ ऑक्सिजन अणू. पृष्ठभागाच्या कोषात चांदीचे १६ अणू येतात, म्हणजे व्याप्ती ६ भागिले १६, ०.३७५. तीसहून अधिक वर्षं एक सुंदर आकृती उभी राहिली, कारण ती घनाच्या ओळखीच्या रचनेवरून घेतली होती आणि मनाला पटत होती.

निकेल-ॲल्युमिनियमवरच्या थराचीही गोष्ट अशीच. २००४ साली क्ष-किरण विवर्तनावरून एक प्रारूप आलं. त्यात ॲल्युमिनियमला घन ॲल्युमिनासारख्या चौफलकी आणि अष्टफलकी जागा दिल्या होत्या. पुढच्याच वर्षी व्हिएन्नातल्या क्रेसे, श्मिड, वार्गा आणि सहकाऱ्यांनी एसटीएम आणि संगणकी गणित जोडून वेगळं उत्तर दिलं: धातूला लागून ॲल्युमिनियम, मग ऑक्सिजन, पुन्हा ॲल्युमिनियम, वर ऑक्सिजन. प्रमाण ४, ६, ६, ७. म्हणजे १० ॲल्युमिनियममागे १३ ऑक्सिजन. नेहमीच्या सूत्राप्रमाणे (२ ॲल्युमिनियममागे ३ ऑक्सिजन) १५ हवे होते. ते दोन कमी का? खालचे ४ ॲल्युमिनियम अणू धातूशीही बंध करतात, त्यांची काही गरज धातूच भागवतो. हे सूत्र घनात कुठेच सापडत नाही.

म्हणून प्रारूप बांधताना मी सुचवते तो क्रम असा. एक्सपीएसच्या मोजणीतून कोषात किती धातू आणि किती ऑक्सिजन मावतात, त्याची खालची-वरची मर्यादा लिहा. त्या मर्यादेत बसणारी निदान चार-पाच प्रारूपं तयार करा, त्यांतलं एक तरी घनाशी संबंध नसलेलं असू द्या. मग डीएफटी (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढणारं संगणकी गणित) वापरून प्रत्येकाची ऊर्जा काढा, पण वेगवेगळ्या प्रारूपांत ऑक्सिजनची संख्या वेगळी असते, त्यामुळे नुसत्या ऊर्जांची तुलना करून चालत नाही. ऑक्सिजनचं रासायनिक विभव (वायूतून एक ऑक्सिजन अणू घेण्याची ऊर्जेतली किंमत, दाब-तापमानावर ठरणारी) आडव्या अक्षावर घेऊन, तुमच्या दाब-तापमानाला कोणतं प्रारूप स्थिर राहतं ते बघा. उरलेल्यांची एसटीएम चित्रं गणिताने काढा आणि तुमच्या सगळ्या व्होल्टेजच्या चित्रांशी ताडा, फक्त सर्वांत देखण्या चित्राशी नको. शेवटी एखादा असा पुरावा घ्या, जो प्रारूप बांधताना वापरलाच नव्हता: लीडच्या ठिपक्यांची ऊर्जेनुसार बदलणारी तीव्रता, किंवा सिंक्रोट्रॉनवरचं, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉनांपासून तीव्र क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावरचं मोजमाप. त्यासाठी इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातल्या इंडस-२ वर अर्ज करता येतो. मुंबई सेंट्रलहून अवंतिका एक्स्प्रेस रात्रभरात पोहोचवते. नमुना मात्र हवेतून नेलेला चालणार नाही, हे गृहीत धरूनच तिथल्या बीमलाइनच्या माणसांशी बोला: थर तिथेच वाढवता येईल का, की निर्वात-पेटी लागेल.

प्रबंधात किंवा लेखात प्रारूप छापताना प्रत्येक अणूचे सहनिर्देशक फाइल म्हणून जोडा. सोबत एक छोटा तक्ता द्या: कोषाचा आकार कशावरून, अणूंची संख्या कशावरून, थरांचा क्रम कशावरून, आणि कुठली जागा केवळ गणितावरून धरली आहे. कच्चे वर्णपट आणि लीडचे फोटो, ऊर्जा आणि तापमानासकट, त्याच फोल्डरमध्ये ठेवा. चांदीचं प्रारूप पुन्हा तपासणाऱ्यांना जुन्या मोजमापांकडे परत जावं लागलं होतं, तुमच्या थराकडेही कुणीतरी परत येईल.